लुगड्याचा बॉल

फौजेच्या डॉग सेक्शनमधून मला पुढच्या पोस्टवर पाठवल्याची ऑर्डर आली, त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. मला ते पोस्टवर पोहोचल्यावर तीन आठवड्यांनी कळलं, भावाच्या अंतर्देशीय पत्रातून. "पत्त्यावर आता उस्मानाबाद लिहू नको, जि. लातूर लिहीत जा. विहिरीनं तळ गाठला. बाकी ठीक." एवढंच पत्र होतं. पोस्ट ईशान्येकडच्या डोंगरात होती. तिथं आठ महिने पाऊस पडायचा. पत्र उघडून वाचेपर्यंत त्याचा कागद मऊ पडला होता.

हे लिहायला निमित्त झालं आमच्या समोरच्या शेटजींचं. मी आता अहमदपूरला राहतो. शेटजींचं मोंढ्यात अडत दुकान आहे. त्यांच्या मुलानं पुण्याहून एक लॅब्राडॉर पिल्लू आणून दिलं, ते आता दीड वर्षाचं झालंय. परवा शेटजी सकाळी दारात आले.

"फौजी, ह्याचं काहीतरी करा बघा. खातंय पोटभर, झोपतंय गादीवर, अन् जागं झालं की बॉल तोंडात धरून माझ्या मागं मागं. दुकानात आलं तरी तेच. डोकं फिरलंय का ह्याचं?"

"डोकं ठिकाणावर हाय शेटजी," मी म्हणालो. "सांगतो सवडीनं."

उत्तर दोन वाक्यांचं आहे. पण ती दोन वाक्यं मला कुणामुळं कळली, हे आधी सांगायला पाहिजे. माझं शिक्षण सातवी. लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

सातवीची परीक्षा झाली त्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ होता. घरातले सगळे खडी फोडायला गेले, मीही गेलो. आमच्या घरी एक तांबडं कुत्रं होतं. ते रोज खडीच्या कामावर यायचं. तोंडात चिंधी नाहीतर काटकी असायची. ती माझ्यापुढं टाकायचं आणि पुढचे पाय पसरून बसायचं. त्याच्या बरगड्या मोजता यायच्या, तरी शेपूट हलत असायचं. मुकादम हसायचा. मला लाज वाटायची. मी खडीचा तुकडा उचलून त्याच्याकडं भिरकवायचो. एक दिवस ते यायचं बंद झालं. बरं झालं, त्याला कळलं, असं मला वाटलं. ते कुठं गेलं हे मी कुणाला विचारलं नाही.

पुढं नांदेडला भरती निघाली. धावलो, छाती मोजली, घेतलं. गावात पंगतीलाच मिळायचं तेवढं जेवण तिथं रोज दोन वेळा मिळायचं, आणि पायात बूट आले. मी त्या बुटांचा लई आभारी होतो. पण भीती एकच होती, की कुणीतरी कागद तपासेल, सातवी पास बघेल आणि म्हणेल, चल, घरी जा. त्यामुळं मी प्रत्येक काम केल्यावर वर बघायचो आणि विचारायचो, "ठीक है साब?" डॉग ट्रेनिंगला माणसं निवडताना उस्तादांनी विचारलं, "कुत्ते से डर लगता है?" मी म्हणालो, "नहीं साब. ठीक है साब?" सगळी रांग हसली. मला घेतलं.

तिथं मला रुबी मिळाली. काळी लॅब्राडॉर, वय दोन वर्षं, कामाची तालीम जमिनीत पुरलेला दारूगोळा शोधायची. आमचं काम असं असतं. कुत्रं रस्ता हुंगत पुढं चालतं, हँडलर लांब पट्टा धरून मागं. वास लागला की कुत्र्यानं भुंकायचं नाही, उकरायचं नाही. जागेवर बसायचं आणि हँडलरकडं बघायचं. मग हँडलरनं ताबडतोब बॉल द्यायचा. खाऊ द्यायचा नाही, बॉलच द्यायचा.

रुबीला बॉलचं वेड होतं. पहाटे पाचला केनेल उघडलं की ती बॉल घेऊन तयार. ब्रश करताना बॉल तोंडात. डॉक्टरनं सुई टोचली तरी बॉल तोंडात. मला ती शेफारलेली वाटायची. पोट भरलेलं जनावर, दुसरं काय. मी उस्तादांना एकदा म्हणालोही, "साब, इसका खेल थोडा कम करें?"

उस्ताद म्हणाले, "खेल कम होगा तो नाक भी कम होगी."

मी "ठीक है साब" म्हणालो आणि वहीत लिहून घेतलं. समजलं काहीच नव्हतं.

पोस्टवर आम्ही चाळीसेक जण होतो. पोस्टपासून खालच्या पुलापर्यंत चार किलोमीटरचा कच्चा रस्ता. आठवड्यातून तीन दिवस त्या रस्त्यानं रेशनच्या आणि माणसांच्या गाड्यांचा ताफा, म्हणजे कॉन्व्हॉय, यायचा, आणि तो निघायच्या आधी रस्ता तपासून मोकळा करायची जबाबदारी आमची होती. त्याला रोड ओपनिंग म्हणतात. कॉन्व्हॉय नसला तरी आम्ही रोज जायचो, नाहीतर रस्ता परका होतो. सकाळी सहा वीसला गेट सोडायचो. पुढं रुबी, मग मी, माझ्या मागं दहा पावलांवर कव्हर मॅन. हँडलरची नजर कुत्र्यावर असते, आजूबाजूला बघायला त्याला वेळ नसतो. त्याचा जीव कव्हर मॅनच्या डोळ्यांवर असतो. त्याच्या मागं रेडिओवाला आणि बाकीची सेक्शन, म्हणजे आमची तुकडी.

माझा कव्हर मॅन लान्स नाईक किशन वाघमारे. नायगावच्या बाजूचा. आता नायगाव तालुका झालाय, तेव्हा बिलोली तालुक्यात होतं. मी पोस्टवर उतरलो तेव्हा पिशवीवर गावाचं नाव वाचून तो जवळ आला.

"अहमदपूर? मंजी आपलाच की रे. मी नायगावचा. ही कोण, वहिनी का?"

"रुबी," मी म्हणालो.

"नमस्ते रुबीबाई. पाणी हाय का तुमच्या गावाला?"

त्या दिवसापासून आम्ही एका ताटात जेवलो. त्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून बुद्धाचं चित्र चिकटवलेलं होतं, माझ्या गळ्यात लिंग. गावात असतो तर मी त्याच्या घरी पाणी प्यालो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पोस्टवर तो प्रश्न पडला नाही. एवढ्यासाठीही मी फौजेचा आभारी आहे.

स्टोअरमधून मिळालेले दोन रबरी बॉल पहिल्याच महिन्यात दरीत गेले. नवे मागवले तर कागद खाली जाऊन वर यायला दोन महिने. मी घाबरलो. सरकारी बॉल हरवला, आता काय उत्तर देऊ? किशनभाऊनं ट्रंक उघडली. त्याच्या आईनं घरून भाजलेल्या शेंगदाण्याची पुडी पाठवली होती, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवून. हिरवं लुगडं, लाल काठ. त्यानं ते कापड उसवलं, आत चिंध्या कोंबल्या आणि दाभणानं असं घट्ट शिवलं की बॉल जमिनीवर आपटला तरी फुटेना. टाके वाकळीसारखे, एकाशेजारी एक.

"माय वाकळा शिवती माझी," तो म्हणाला. "गावभरच्या. मला बी येतंय, पर कुणाला सांगू नको. फौजी मानूस दाभण धरतो म्हनून हसतील."

रुबीनं तो बॉल हुंगला आणि त्यानंतर रबरी बॉल आले तरी तिनं तोंडात धरले नाहीत.

आता एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रस्त्यात रोज काही दारूगोळा सापडत नाही. महिनोन्‌महिने सापडत नाही, आणि सापडू नये हीच सगळ्यांची इच्छा. पण कुत्र्याला हे कसं कळावं? चार किलोमीटर हुंगूनही काहीच मिळालं नाही, की त्याचं मन उतरतं. म्हणून परत येताना, तपासलेल्या रस्त्यावर, एक माणूस पुढं जाऊन सॅम्पलचा डबा लपवतो. तंबाखूच्या डबीएवढा पत्र्याचा डबा, आत वासापुरता माल. डबा हँडलरनं लपवायचा नाही, कारण कुत्रं हँडलरचा चेहरा वाचतं. कुत्र्याला डबा सापडतो, ते बसतं, त्याला बॉल मिळतो, आणि आजचा दिवस कामाला आला असं समजून ते घरी येतं. आमच्याकडं डबा लपवायचं काम किशनभाऊ करायचा. तो लई खोडकर होता. एकदा त्यानं डबा रेडिओवाल्याच्याच पाठपिशवीत टाकला. रुबी रेडिओवाल्यापुढं बसली आणि उठेचना. त्या बिचाऱ्यानं दोन्ही हात वर केले.

पोस्ट कमांडर सुभेदार साहेब नवीन आले होते. माणूस शिस्तीचा. तिसऱ्याच दिवशी त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, की भर रस्त्यात आम्ही उभे आहोत, कुत्रं उड्या मारतंय, आणि हँडलर बॉल फेकतोय. संध्याकाळच्या हजेरीला मला पुढं बोलावलं.

"रोड पर कितनी देर खड़े रहे?"

"पाँच मिनट साब."

"सामने पहाड़ी किसकी है?"

मी डोंगराकडं बघितलं.

"जिसकी भी है, हमारी नहीं है. आज से रोड पर खेल बंद. खेलना है तो पोस्ट के अंदर."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उघड्या रस्त्यावर पाच मिनिटं उभी असलेली सेक्शन म्हणजे समोरच्याला आमंत्रण. पण एक मिनिटात, वळणाच्या आडोशाला, बॉल देता आला असता. पोस्टवर येऊन दिलेला बॉल कुत्र्याला कामाशी जोडता येत नाही, हेही सांगता आलं असतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं. सांगायचं काम हँडलरचं, म्हणजे माझं होतं.

मी म्हणालो, "ठीक है साब."

नऊ दिवस गेले. डबा नाही, रस्त्यावर बॉल नाही. पाचव्या दिवसापासून रुबी वळून वळून माझ्या उजव्या खिशाकडं बघायला लागली. बॉल तिथं असायचा. आठव्या दिवसापासून वळून बघणंही बंद. सरळ चालायची, नाक जमिनीपासून वीतभर वर. पोस्टवर मी बॉल टाकला तर आणून द्यायची, पण जड पायांनी, हुकूम मानल्यासारखी.

किशनभाऊ म्हणाला, "शिवा, ही काम करायली न्हाई. नुसती चालायली."

"दमली असंल."

"दमली न्हाई. साहेबाला जाऊन सांग."

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो की भाऊ. साहेब म्हनले, ह्याला कुत्रं सांभाळता येत न्हाई, द्या परत पाठवून, तर?"

तो चहाचा मग घेऊन माझ्या शेजारी बसला. रुबी आमच्या पायाशी पडली होती.

"माझी माय वाकळ शिवताना गानं म्हनती," तो म्हणाला. "घरात कुनी आजारी असलं, तरी बारीक आवाजात म्हनतीच. एकदा बाप म्हनला, गप शिव. तर तिचा दोराच सरकंना. टाके वाकडे. तिला काम येगळं अन् गानं येगळं असं न्हाईच. हिचं बी तसंच हाय." मग माझ्याकडं बघून हसला. "अन् तू काय येगळा हाईस का? ही बॉल घेऊन येती, तू 'ठीक है साब' घेऊन जातो. दोघांला बी एकच इचारायचं असतंय."

"काय?"

"बराबर हाय ना? ठेवताव ना मला संगं? दुसरं काय!"

मी हसलो. साहेबांकडं मात्र गेलो नाही.

दहाव्या दिवशी पुलावरून परत येताना पहिल्याच वळणावर, जिथून पोस्टची दुर्बीण पोहोचत नाही, तिथं रुबी एकदम बसली. दगडाखाली डबा. किशनभाऊनं हुकूम मोडून लपवला होता, मला न सांगता. मी खिशातला लुगड्याचा बॉल काढून तिला दिला. मोजून दहा सेकंद. ती स्वतःभोवती दोनदा फिरली, बॉल हलवला, माझ्या मांडीवर नाक आपटलं. गेटपर्यंत तिची शेपटी खाली आली नाही.

"बघितलं?" किशनभाऊ म्हणाला. "आता रोज ठेवीन. कुठं ते सांगनार न्हाई. तुझं थोबाड लगेच सांगतंय तिला."

पद्धत अशी, की डबा कुठं आहे ते सेक्शन कमांडरला आधी सांगून ठेवायचं. पण इथं तर कामच चोरून. सांगायचं कुणाला?

अकराव्या दिवशी कॉन्व्हॉय होता. खालून आठ वाजता सुटणार होता. त्यात रेशन आणि सुट्टीवरून परतणारी माणसं. आम्ही सहा वीसला गेट सोडलं. धुकं पातळ होतं. पहिल्या किलोमीटरला एक मोरी आहे, रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली. सहा पन्नासला रुबी मोरीजवळ पोहोचली. तिचा वेग कमी झाला. नाक दगडांच्या फटीत गेलं, बाहेर आलं, परत गेलं. ती बसली. वळून माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खिशाकडं.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. मला आनंद झाला. आदल्या दिवशी परत येताना किशनभाऊ ह्याच मोरीशी लघवीला म्हणून दोन मिनिटं मागं राहिला होता. मी मनात म्हणालो, वस्ताद, काल परततानाच ठेवून गेलास होय! मी बॉल काढला, पट्टा सोडला आणि बॉल मागं रस्त्याच्या कडेला फेकला. रुबी माझ्या बाजूनं सुटली. मी पुढं निघालो, डबा उचलायला. सरकारी सॅम्पल रस्त्यावर सोडून चालत नाही.

चार पावलं गेलो.

"शिवा, कुठं निघालास?"

"डबा घ्यायला."

"कुठला डबा?" त्याचा आवाज बदलला. "डबा माझ्याकडं हाय! हलू नको!"

मी खाली बघितलं. माझ्या बुटाच्या पुढं माती ताजी होती, वर पाला पसरलेला, आणि पाल्याखालून एक वायर उताराकडं गेलेली. माझे पाय उचलेनात. मागं फिर, एवढंच करायचं होतं, तेही होईना.

किशनभाऊ पळत आला. दहा पावलं. कव्हर मॅननं पुढं यायचं नसतं, जागेवरून आडोसा द्यायचा असतो. तो आला. माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि मला मागं फेकलं. मी रस्त्याच्या कडेच्या चरात पडलो. तेव्हा स्फोट झाला. वायरच्या दुसऱ्या टोकाला समोरच्या उतारावर कुणीतरी कॉन्व्हॉयची वाट बघत बसला होता. त्यानं आम्हाला बघितलं, आणि कॉन्व्हॉय हातचा गेला असं समजून बटन दाबलं.

कानात शिट्टी वाजत होती. त्या शिट्टीतून रेडिओवाल्याचं बोलणं ऐकू आलं.

"टायगर, टायगर. मोरी पर ब्लास्ट. कॉन्व्हॉय रोको. ओव्हर."

"रॉजर. कॉन्व्हॉय नीचे ही है. कैजुअल्टी? ओव्हर."

"एक. ओव्हर."

"नाम?"

रेडिओवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मग त्यानंच नाव सांगितलं.

सेक्शननं उतारावर फायर दिला. तिथं कुणी सापडलं नाही. रुबी माझ्यापासून पाच हातांवर चरात होती. मागच्या पायात लोखंडाचा तुकडा गेला होता, डाव्या कानातून रक्त येत होतं. बॉल तोंडात होता. स्ट्रेचर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही. डॉक्टरनं जबडा उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा मी म्हणालो, राहू द्या.

किशनभाऊच्या पाऊचमध्ये सॅम्पलचा डबा होता. परत येताना कुठंतरी लपवायला घेतलेला.

चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. खेळ बंद केल्यावर कुत्र्याचं काय होतं हे मला माहीत होतं, ते मी साहेबांना सांगितलं नाही, म्हणून डबा चोरून ठेवावा लागला, म्हणून मी खऱ्या मालाला डबा समजलो. आता घरी पाठवतील हे मी धरून चाललो होतो. पहिल्यांदाच त्याची भीती वाटली नाही. सुभेदार साहेब माझ्यानंतर बोलले. "हुकम मेरा था. मैंने हँडलर से पूछा नहीं. पूछना मेरा काम था." ते असं म्हणाले नसते तरी चाललं असतं. त्या माणसाचे उपकार मी विसरत नाही. पुढच्या आठवड्यात पोस्टवर लेखी हुकूम लागला. रोज डबा लपवायचा, जागा सेक्शन कमांडरच्या वहीत नोंदवायची, आणि आडोशाला एक मिनिट बॉल.

रुबीची जखम महिन्यात भरली. डावा कान गेला. पण बॉल तिनं तोंडात धरला नाही. मी पुढं टाकायचो, ती बघायची आणि डोळे मिटायची. पहाटे केनेल उघडलं की कोपऱ्यात पडलेली असायची. शांत, गुणी, कुणाला त्रास नाही. मला पूर्वी जसं कुत्रं पाहिजे होतं, अगदी तसं. तेव्हा मला खडीवरचं तांबडं कुत्रं आठवलं. त्याच्या पोटात काही नव्हतं, तरी ते खेळायला यायचं. आणि यायचं बंद झालं तेव्हा मी म्हणालो होतो, बरं झालं.

एका दुपारी मी बरॅकीत बूट साफ करत होतो. रुबी लंगडत आत आली. बॉल तोंडात होता. ती माझ्याकडं आली नाही. किशनभाऊच्या खाटेजवळ गेली. खाट तेव्हा दुसऱ्या जवानाला दिली होती, तो ड्यूटीवर होता. तिनं बॉल खाटेखाली ठेवला आणि समोर बसली. दारूगोळा सापडल्यावर बसते, तशी ताठ. बराच वेळ बसली. मग बॉल उचलला, माझ्याजवळ आली आणि माझ्या बुटावर ठेवला.

मी बॉल फेकला. बाकी लिहीत नाही. बरॅकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेकला, आणि ती आणत राहिली, आणि ड्यूटीवरून लोक आले ते दारातच उभे राहिले, कुणी आत आलं नाही.

सुट्टी मिळाल्यावर मी नांदेडला उतरलो. अहमदपूरची एसटी सोडली आणि नायगावची धरली. पुढं चालत गेलो. उन्हाळा होता, विहिरीवर घागरींची रांग. किशनभाऊची माय ओसरीवर वाकळ शिवत होती. गाणं म्हणत नव्हती. मी पाया पडलो, नाव सांगितलं. तिनं आधी पाणी दिलं. तांब्याच्या तळाशी गढूळ होतं, वरचं निवळलेलं मला दिलं. मी प्यालो.

मी पाठपिशवीतून बॉल काढला. सरकारी नव्हता, त्यामुळं कुणाची परवानगी लागली नाही. रुबीसाठी मी तसाच दुसरा शिवला होता, टाके वाकडे आले, पण तिनं घेतला. माउलीनं बॉल हातात घेतला, फिरवला. दातांच्या खुणांवरून बोट नेलं आणि काठापाशी थांबली.

"हे माझं लुगडं हाय."

"हाव माय. किशनभाऊनं शिवला. कुत्रीला खेळायला."

"टाके त्याचेच हायत." तिनं बॉल उलटा केला. "कुत्रीसंगं कोन खेळायचं? तू?"

"आमी दोघं बी. म्हणजे तोच जास्त. डबा लपवायचा, तिला हुडकायला लावायचा. एकदा तर रेडिओवाल्याच्या पिशवीत टाकला. सगळी सेक्शन हसून हसून..." मी थांबलो. असं सांगायला नको होतं असं वाटलं.

"थांबू नको," ती म्हणाली. "सांग."

मी सगळं सांगितलं. रुबीबाई नमस्ते, दाभण, रेडिओवाल्याचे वर गेलेले हात. ती ऐकत राहिली.

"त्या दुष्काळात साळंतून काढून खडीवर नेलं त्याला," ती म्हणाली. "तवापून ते पोरगं कधी खेळलंच न्हाई. कामाला जायचं, येऊन झोपायचं. मला वाटायचं, खेळायचं राहूनच गेलं त्याचं." तिनं बॉल पदरात घेतला. "मग खेळला म्हन की."

"हाव माय. रोज."

"मग बरं," ती म्हणाली, आणि सुई परत हातात घेतली.

रुबीनं पुढं चार वर्षं काम केलं. एका कानानं, पण नाक शाबूत होतं. तिनं दोनदा खरा माल काढला. दोन्ही वेळा मी आधी मागं वळून विचारलं, "डबा कुणाकडं आहे?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय पाय उचलला नाही. ती गेली तेव्हा आम्ही तिला केनेलमागच्या उतारावर पुरलं, सलामी दिली, आणि माझा वाकड्या टाक्यांचा बॉल तिच्याजवळ ठेवला. लान्स नाईक किशन वाघमारेचं नाव पोस्टच्या फळ्यावर आहे. मोरी नवीन बांधली. त्या दिवशीच्या कॉन्व्हॉयमधून जी माणसं सुखरूप वर आली, त्यांना तो कोण होता हे ठाऊक असेल नसेल, म्हणून इथं परत लिहितो. किशन वाघमारे, नायगावच्या बाजूचा, वाकळ शिवणाऱ्या माउलीचा.

शेटजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते विचारतंय, बरोबर आहे ना, ठेवता ना मला सोबत. ते विचारायचं बंद झालं तर काळजी करा.

आत्ता लिहिताना तुमचं कुत्रं रस्ता ओलांडून आलंय, उंबऱ्यावर बॉल ठेवून बसलंय. इथं थांबतो. त्याला दुसऱ्यांदा विचारायला लावणं बरं नाही.